पीटीचा तास आणि आजींचा तोल

रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, असं आपल्याकडचं सिग्नलचं गणित सांगतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे. आता पुण्यातला एखादा गजबजलेला चौक घ्या आणि रस्त्याची रुंदी १८ मीटर समजा. १८ भागिले १.२ म्हणजे १५ सेकंद. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या सत्तरीच्या बाईंचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, आणि त्या वयात तो काही दुर्मीळ नाही, तर पंधराव्या सेकंदाला त्या १२ मीटरवर असतात. उरलेले सहा मीटर दुचाकीवाल्यांच्या कृपेने काढायचे.

सेकंद वाढवून द्या, ही मागणी रास्तच आहे. पण त्या बाईंचा वेग ०.८ वर का आला आणि तो काही वर्षं तरी वर राखता आला असता का, हा प्रश्न कोणत्याच खात्याचा नाही. रस्ता पथ विभागाचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचा, बाग उद्यान विभागाची, शाळा शिक्षण विभागाची आणि मोडलेलं खुब्याचं हाड डॉक्टरांचं. हालचाल मात्र कुणाचीच नाही. चालणं, उठणं, वळणं, तोल सावरणं हे शरीर आपलं आपण करतं, लहानपणी येतं आणि म्हातारपणी जातं, असं आपण सगळे धरून चालतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. हालचाल शिकावी लागते, शिकलेली वापरून टिकवावी लागते आणि सत्तरीतही नव्याने शिकता येते. त्यासाठी सराव लागतो, आणि सरावाला अशी जागा लागते जिथे चुकलं तरी चालतं. पुणे शहर या विषयाची परीक्षा रोज रस्त्यावर घेतं. सराव कुठे करायचा, ते मात्र सांगत नाही.

सुरुवातीपासून पाहू. नुकतं चालू लागलेलं मूल किती सराव करतं? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू दिलं आणि मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला आकडा असा: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. शिवाय ही पावलं सरळ रेषेत नसतात. मूल दोन पावलं पुढे जातं, एक बाजूला टाकतं, थांबतं, वळतं, खाली वाकून काहीतरी उचलतं आणि तोंडात घालतं. म्हणजे सराव भरपूर, दर वेळी थोडा वेगळा, आणि पडणं स्वस्त. उंची कमी, वजन कमी, खाली चटई आणि वर कौतुक.

अ‍ॅडॉल्फ यांच्याच आधीच्या संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रांगणारं मूल काही आठवड्यांच्या अनुभवाने उतार ओळखायला शिकतं आणि फार तीव्र उतार दिसला की कडेला थांबतं. तेच मूल चालायला लागलं की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं आणि कोलमडतं. रांगताना मिळालेलं शहाणपण चालण्याच्या कामी येत नाही, ते पुन्हा कमवावं लागतं. हालचालीचं शिक्षण इतकं कामापुरतं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, बागेतल्या फेऱ्यांपाशी तो परत येणार आहे.

जाता जाता: जुना लाकडी पांगुळगाडा आणि आजचा प्लास्टिकचा वॉकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायावर, स्वतःचं वजन पेलत उभं राहतं. वॉकरमध्ये ते झोळीत बसतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. तोल सांभाळायची गरजच उरत नाही, आणि जिन्याशी गेलं तर अपघात. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाच्या भेटीत येतो.

सराव म्हणजे नेमकं काय, हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, ओट्यापाशी उभं राहिलं तरी पुरे. पोळी नव्याने लाटणारा माणूस मनगट, कोपर, खांदा सगळं ताठ धरतो आणि पाठीतून जोर लावतो. पोळी पोळपाटाला चिकटते, कडा जाड राहतात, मध्ये भोक पडतं आणि नकाशा तयार होतो. पुष्कळ पोळ्या बिघडल्यावर मनगट सुटं होतं. आणखी काही महिन्यांनी लाटण्याचा दाब एका बाजूला किंचित जास्त पडू लागतो आणि पोळी पोळपाटावर आपली आपण फिरायला लागते. दाब कुठे आणि किती, हे लाटणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाही. कणीक आज सैल, उद्या घट्ट, लाटी कधी लहान तर कधी मोठी, तरी पोळी गोल.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडी मारणाऱ्या कसबी कामगारांचं चित्रण करून हेच दाखवलं. हातोडीचं टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दर फटक्याला थोडे वेगळे होते. म्हणजे कुशल माणूस एकच ठरलेली हालचाल उगाळत नसतो. तो तेच गणित दर वेळी नव्याने सोडवत असतो. नवशिका मात्र इतके सांधे एकदम आवरता येत नाहीत म्हणून त्यातले बरेचसे गोठवून टाकतो. पोहायला शिकणारा ताठ होतो, पहिल्यांदा स्कूटर धरणारा हँडल आवळतो, तसंच. पडून घाबरलेली म्हातारी माणसंही नेमकं हेच करतात: गुडघे ताठ, श्वास धरलेला, नजर पायांवर, पावलं फरशीला घासत. आयुष्याच्या दोन्ही टोकांना दिसणारा हा ताठरपणा एकाच जातीचा आहे, आणि तो सुटतो सरावानेच.

आता शाळेकडे. पीटीचा तास ३५ मिनिटांचा. रांग लावणं, हजेरी, सावधान-विश्राम यांत दहा मिनिटं जातात. उरली २५, म्हणजे १,५०० सेकंद. वर्गात ४० मुलं आणि चेंडू एक. फेकणं आणि परत आणणं मिळून दहा सेकंद धरली तर तासाभरात १५० वेळा चेंडू फेकला जातो. मुलामागे चारसुद्धा नाहीत. वर्षभराने तेच मूल चेंडू नीट फेकू शकलं नाही की ‘त्याला खेळात गतीच नाही’ असं आपण म्हणतो. चालणं शिकताना त्याला तासाला दोन हजारांवर संधी मिळाल्या होत्या, इथे चारही नाहीत. आणि परीक्षा जवळ आली की हा तासही गणिताच्या सरांकडे जातो, ही गोष्ट वेगळीच.

फेकणं वयाबरोबर आपोआप येत नाही. लहान मूल फेकताना नुसता कोपर उघडतं, पाय जागचे हलत नाहीत. पुढच्या टप्प्यात पाऊल पुढे पडतं, पण ज्या हाताने फेकायचं त्याच बाजूचं. मग कधीतरी उलट बाजूचा पाय पुढे येतो, कंबर आधी वळते, खांदा मागून येतो आणि हात सगळ्यांत शेवटी, चाबकासारखा. हा क्रम न लागलेली मुलं पुढच्या इयत्तांतही दिसतात, मोठी माणसंही दिसतात. त्यांच्यात दोष काही नसतो, फक्त फेकण्यांची संख्या कमी पडलेली असते.

उपाय महाग नाही. जुने मोजे, आत चिंध्या, वर दोरा, असे २० चेंडू. मुलांच्या जोड्या. पाच सेकंदांना एक फेक धरली तरी त्याच २५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला १५० फेकी येतात. अंतर एकच ठेवायचं नाही: तीन मीटर, मग पाच, मग चार, कधी बसून, कधी धावता धावता. कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या ठरावीक अंतरावर फेकायला दिल्या. एका गटाने सगळा सराव तीन फुटांवरून केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांची होती, आणि तीन फुटांवरून कधीच न फेकलेला दुसरा गट सरस ठरला. आपल्या कवायतीचा सगळा भर सगळ्यांनी एकच हालचाल एकाच वेळी करण्यावर असतो. १५ ऑगस्टला ते छान दिसतं. शिकणं मात्र त्याच्या उलट दिशेला असतं.

खरं तर ही विद्या आपल्याकडे होती. लंगडीत एका पायावर उतरायचं, कंबर कलू द्यायची नाही, समोरचा हुलकावणी देतो म्हणून दिशा बदलायची, आणि हे सगळं करताना नजर त्याच्यावर, पायावर नाही. एका पायाचा तोल शिकवायला याहून चांगला पाठ एखाद्या फिजिओथेरपिस्टलाही सुचणार नाही. खो-खोला तर पुण्यानेच नियमांत बांधलं, डेक्कन जिमखान्याने, १९१४ मध्ये. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, या एका नियमामुळे पळणाऱ्याला दर क्षणी अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज पायांनी बांधावा लागतो. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं तेही याच शहरात. इतका वारसा असताना आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे खेळू नये’ अशी पाटी असते. पुणेरी पाट्यांचं कौतुक आपण फार केलं, ही पाटी मात्र महागात पडते आहे.

मुलांना शनिवार-रविवार क्रिकेटच्या शिबिराला घालणारे पालक विचारतील, मग आम्ही काय करतोय? तुम्ही पैसे देताय, हे खरं. पण शिबिरात काय चालतं ते कुंपणाबाहेर उभं राहून पाहा. एकाच टप्प्याचे ५० चेंडू, एकच फटका, मग दुसरा फटका, त्याचे ५०. शेवटच्या दहा चेंडूंत मूल झकास खेळतं, पालक खूश. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाच पेच दाखवला. एक काम संपवून मग दुसरं, असा सराव करणारे सरावात पुढे असतात. कामं मिसळून सराव करणारे सरावात अडखळतात, पण दहा दिवसांनी परीक्षा घेतली की तेच पुढे निघतात. सरावातली सफाई म्हणजे शिकणं नव्हे, ही गोष्ट शिक्षकाला समजली तरी पालकाला विकता येत नाही, कारण पालक सरावच पाहतो.

प्रत्येक चेंडूनंतर सूचना ओरडणारे प्रशिक्षक, हा दुसरा रोग. १९९० मध्ये विन्स्टीन आणि श्मिट यांनी एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर. नंतरच्या परीक्षेत निम्मं ऐकलेले सरस ठरले. सतत सांगत राहिलं की मूल स्वतःच्या हातापायांकडून येणारी खबर ऐकणं सोडून देतं. आणि सांगायचंच तर ‘कोपर वर, कोपर वर’ असं शरीराविषयी सांगण्यापेक्षा ‘चेंडू त्या फांदीवरून जाऊ दे’ असं बाहेरच्या लक्ष्याविषयी सांगावं. गॅब्रिएल वुल्फ यांचं १९९८ पासूनचं बरंचसं काम याच फरकावर आहे. लक्ष कोपरावर गेलं की बाकीचे सांधे पुन्हा गोठतात.

सायकलचंही तेच. एकेकाळच्या या सायकलींच्या शहरात मुलं मोठ्यांच्या सायकलला दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायची. आता मागच्या चाकाला दोन छोटी चाकं लावून मिळतात. ती चाकं पेडल मारणं शिकवतात, पण ते सोपंच असतं. अवघड असतं ते ज्या बाजूला कलतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवणं, आणि सायकल कलूच न देणारी चाकं ते कधीच शिकवू शकत नाहीत. म्हणून चाकं काढा आणि पेडलंही काढा. साधारण १५ नंबरचा पाना लागतो. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. इथे बरेच बाबा चुकतात आणि आटे घालवतात. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पावलं पूर्ण टेकतील. मूल बसून पायांनी ढकलत जाईल, मग पावलं उचलून घसरत राहील. सलग पाच-सात मीटर पाय न टेकता जमलं की पेडलं परत लावायची. मागून सीट धरून धावणाऱ्या आई-बाबांनी मात्र थांबावं. तोल ते सांभाळत असतात, त्यामुळे शिकतातही तेच.

मधल्या वयाबद्दल थोडक्यात, कारण त्या वयात माणसं निदान काहीतरी करतात. एक गैरसमज काढायला हवा: ‘आता या वयात हात कुठे वळतोय?’ गणेशोत्सवाच्या आधी दोनेक महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तो पाहा. कॉलेजच्या मुलांशेजारी पन्नाशीची माणसं नव्याने ढोल बांधतात. आधी बोल तोंडाने, मग हाताने, संथ लयीत, मग हळूहळू चढत. पहिल्या आठवड्यात खांदे दुखतात, बोटांना फोड येतात, टिपरू मुठीत आवळलेलं असतं. महिन्याभरात पकड सैल होते आणि मान वर करून शेजाऱ्याकडे पाहत वाजवता येतं. त्याहून ठळक पुरावा मेंदूशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्ये मांडला. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गमावलेला एक रुग्ण आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला तीन दिवसांत उत्तम शिकला. हे आपण आधी कधी केलंय याची आठवणच त्याला नव्हती, हात मात्र शिकला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला ‘आता काय शिकवायचं’ म्हणून खुर्चीत बसवून ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता ज्यांच्यापासून सुरुवात केली त्या बाईंकडे. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ हे वाक्य प्रेमाचं आहे, आणि दिवसातून वीस वेळा म्हटलं की दिवसाची वीस उठणी जातात. उंच कमोड, उंच पलंग, डायनिंग टेबल यांनी जमिनीवर बसून उठणं आधीच गेलेलं असतं. गुडघे झिजलेल्यांना ते हवंच होतं, त्यावर वाद नाही. पण ज्यांना जमत होतं त्यांचंही सोयीपायी सुटलं.

‘पण आमच्या आई रोज सारसबागेत पाच फेऱ्या मारतात!’ उत्तम. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलंच आहे. पडण्यापासून मात्र त्याने फारसं संरक्षण मिळत नाही, आणि याचं कारण त्या उतारावरच्या मुलाने आधीच सांगितलंय. सरळ, सपाट वाटेवर आपल्या वेगाने चालण्याचा सराव तेवढ्याच कामाचा सराव असतो. माणसं पडतात ती वळताना, खुर्चीकडे मागे जाताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, पीएमपी बसच्या पायरीवरून उतरताना. कॅनडातल्या दोन वृद्धनिवासांमध्ये कॅमेऱ्यांत टिपलेल्या २२७ पडण्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांत मोठं कारण निघालं शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेताना चुकणं, ४१ टक्के. ठेचकाळणं २१ टक्के. आणि आपण ज्याला सगळ्यांत जास्त भितो ते घसरणं फक्त तीन टक्के. अर्थात त्या इमारतींमध्ये पुण्याची ओली मोरी नव्हती.

व्यायामाने पडणं कमी होतं का, यावर अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा २०१९ चा कॉक्रेन आढावा आहे: शंभराहून जास्त चाचण्या, तेवीस हजारांवर माणसं. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं. त्यातही तोलाचे आणि रोजच्या कामांसारखे व्यायाम भरवशाचे ठरले. नुसतं चालणं पडणं कमी करतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही ६५ नंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगतात.

घरी हे ओट्यापाशी करता येतं. ओटा भक्कम असतो, कमरेच्या उंचीवर असतो आणि सरकत नाही. खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊ नये, ती उलटते. आधी पावलं जुळवून दहा सेकंद उभं राहायचं. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत. मग एका पायावर. प्रत्येक पायरी दहा सेकंद स्थिर जमली की पुढची, नाहीतर तिथेच थांबायचं. हाताचा आधार कमी करण्याचाही क्रम असतो: दोन्ही पंजे, एक पंजा, एक बोट, मग हात ओट्यापासून चार बोटं वर तरंगता. बहुतेकांचं गाडं इथे चुकतं. ते आठवडाभरात हात सोडतात, डगमगतात, घाबरतात आणि बंद करतात. दुसरी चूक याच्या उलट: महिनोन्‌महिने दोन्ही पंज्यांनी ओटा आवळून उभं राहायचं. मग तोल ओटा सांभाळतो, सायकलच्या मागे धावणाऱ्या बाबांसारखा. डुगडुगणं दिसायला हवं, पडणं नको. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर मेंदूला तोलासाठी डोळ्यांवरच जास्त विसंबावं लागतं, म्हणून अशांनी डोळे मिटून काहीही करू नये. चक्कर येत असेल किंवा गेल्या वर्षभरात पडणं झालं असेल तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना दाखवावं.

खुर्चीतून उठण्याचंही शास्त्र आहे. खुर्ची भिंतीला टेकवा, पुढच्या कडेवर सरका, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाका, मग उठा. हात छातीवर बांधून पाच वेळा उठ-बस करायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायांची ताकद कमी पडतेय असं समजावं. बरेच जण पाठ ताठ ठेवून सरळ वर जायला बघतात आणि मागे कोसळतात, आणि मग ‘गुडघे गेले’ म्हणतात. गुडघ्यांआधी वाकणं गेलेलं असतं.

हे जमलं की त्यात बोलणं मिसळायचं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट नोंदवली: चालता चालता बोलायला लागलं की थांबणारी वृद्ध माणसं पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. ज्यांच्या चालण्यालाच सगळं लक्ष लागतं, त्यांच्याकडे हॉर्न ऐकायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून टाच-अंगठा चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत जायचं, किंवा उद्याच्या भाजीचं ठरवायचं. लक्ष्मी रस्ता ओलांडताना नेमकं हेच करावं लागतं.

आणि आता बागेतली ओपन जिम. पिवळी-निळी यंत्रं पुण्यातल्या किती बागांत आहेत ते फिरणाऱ्यांना माहीत आहे. त्यांतलं सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे दोन पाट्यांवर उभं राहून पाय झुलवायचं. पाय झुलतात, पण पाऊल कुठेच टेकत नाही, वजन इकडून तिकडे जात नाही, दांडा दोन्ही हातांनी धरलेला. यंत्राची वाट ठरलेली, चुकायला जागाच नाही, म्हणून शिकायलाही नाही. ज्येष्ठांच्या गप्पा तिथे रंगतात, ही त्या यंत्रांची खरी कमाई, आणि ती लहान नाही. पण नवी यंत्रं घेताना एका यंत्राची जागा वेगळ्या कामाला द्यावी: ९० सेंटिमीटर उंचीचा सलग कठडा, त्याला लागून जमिनीवर बसवलेली तीन मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद फळी, १०, १५ आणि १८ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, एक हलका उतार आणि एक दगडगोट्यांची पट्टी. सकाळी आजी-आजोबा, संध्याकाळी मुलं. मुलांना फळीवर लंगडी घालताना कुणी हटकू नये, एवढं एक वॉचमनला सांगावं लागेल.

एखादा अस्सल पुणेकर इथे म्हणेल की चढउतार, डगमगती फळी, अचानक येणारी पायरी हे सगळं आमच्या फुटपाथवर फुकट आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, दर फाटकापाशी उतार, मध्येच विजेची डीपी, तिच्यापुढे लावलेली बुलेट. वैविध्यानेच शिकता येत असेल तर पुण्याचे म्हातारे ऑलिंपिकला जायला हवेत. टोमणा चांगला आहे, पण सराव आणि परीक्षा यांतला फरक त्यात हरवतो. सरावात चूक स्वस्त असते आणि लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो. मूल तासाला १७ वेळा पडू शकतं कारण पडल्याने त्याचं काही बिघडत नाही. फुटपाथवरच्या एका चुकीची किंमत खुबा असेल तर माणूस शिकत नाही, बाहेर पडणं सोडतो. बाहेर पडणं सोडलं की उरलेला सरावही जातो, आणि पुढच्या वेळी बाहेर पडावं लागतं तेव्हा तोल आणखी वाईट असतो. म्हणून रस्ता कंटाळवाणा हवा: कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, फाटकापाशी फुटपाथने नाही तर गाडीने चढ चढायचा. हे आकडे इंडियन रोड काँग्रेसचेच आहेत, आणि असं चालता येतं हे जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथांनी दाखवलंही आहे. विविधता बागेत, एकसारखेपणा रस्त्यावर. सध्या नेमकं उलटं आहे.

शिकवणार कोण, ही शंका खरी आहे. नुसता कठडा बसवला तर महिन्याभरात त्यावर सतरंज्या वाळत पडतील. शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. त्यांच्या इंटर्न विद्यार्थ्यांना आठवड्यातून तीन सकाळी एकेका बागेत नेमता येईल. दर तीन महिन्यांनी चालण्याचा वेग मोजायला चार मीटरची आखलेली पट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढंच लागतं. वेग मोजताना एक चूक हमखास होते: उभ्यापासून सुरुवात केली की पहिली दोन पावलं वेग पकडण्यात जातात आणि आकडा कमी येतो. म्हणून पट्टीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी दोन मीटर मोकळे सोडून मधल्या चार मीटरचा वेळ घ्यायचा. हे आकडे प्रभागवार साठले की सिग्नलवर किती सेकंद द्यायचे, याचं उत्तर १.२ च्या पुस्तकी आकड्यातून काढावं लागणार नाही.

कठडा मात्र गोल नळीचा घ्यावा, व्यास साधारण ४० मिलिमीटर. चौकोनी नळी स्वस्त पडते आणि ठेकेदार तीच सुचवेल, पण तोल जाताना ती मुठीत बसत नाही.